जीआय पाईप: लोखंड किती, जस्त किती? सातारा-सांगलीतल्या नव्या उद्योजकांसाठी एक धडा



शेड फॅब्रिकेशन, गोठा, पॉलिहाऊस, सोलर स्ट्रक्चर किंवा हार्डवेअर दुकान, यातला कोणताही व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की एक माल तुमच्या हातात येणारच. तो म्हणजे जीआय पाईप. व्हिडिओमध्ये आपण तो थोडक्यात पाहिला. इथे सविस्तर बघू, कारण हिशोब आणि आकडे वाचूनच नीट समजतात.

आजच्या धड्याचं सार आधीच सांगतो. गिऱ्हाईक पाईप फुटावर घेतं, तुम्ही तो किलोवर आणता आणि तो टिकतो जस्ताच्या थरावर. फूट, किलो आणि थर ही तीन मापं ज्याला एकत्र मांडता येतात तो या धंद्यात टिकतो. ज्याला येत नाहीत, तो एक तर स्वतः तोट्यात जातो, नाही तर नकळत गिऱ्हाइकाला फसवतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण आपल्या भागात एक गोठा गंजला की बातमी अख्ख्या बाजारच्या गावाला कळते.

१. नाव आणि इतिहास

जीआय म्हणजे गॅल्व्हनाईज्ड आयर्न, म्हणजेच जस्ताचा थर दिलेलं लोखंड. आज पाईप खरं तर पोलादाचा असतो, पण नाव जुनंच चालू आहे. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, जस्ती. जस्ती बादली, जस्ती पत्रा हे शब्द आजीच्या तोंडात असायचे. कलई मात्र वेगळी. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कलई करतात ती कथलाची. गिऱ्हाईक बऱ्याचदा "पाईपला कलई आहे ना?" असं विचारतं, तेव्हा त्याला जस्तच म्हणायचं असतं.

जस्त भट्टीत मिळवणं अवघड असतं. तापवल्यावर ते वितळून खाली साचत नाही, त्याची वाफ होऊन निघून जाते. ही वाफ पकडून थंड करायची पद्धत राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे शेकडो वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. तिथे जुन्या मुशींचे ढीग आजही सापडतात. युरोपात विल्यम चँपियन याने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली.

त्यानंतर १७४२ मध्ये मालुएँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर देता येतो, असं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. पण ती युक्ती धंद्यात यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये क्रॉफर्ड यानेही घेतलं. सोरेलने प्रक्रियेला नाव दिलं ते इटलीच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञावरून. दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की वीज निर्माण होते, हा धागा गॅल्व्हानीच्या बेडकावरच्या प्रयोगांतून पुढे आला होता. जस्त लोखंडाला वाचवतं ते याच तत्त्वावर.

पाईपची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गॅसचे दिवे आले आणि गॅस न्यायला नळ्या हव्या होत्या. सुरुवातीला जुन्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून काम भागवलं गेलं. मग १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाऊस याने तापलेली लोखंडी पट्टी ओढून, तिच्या कडा जुळवून नळी करायचं पेटंट घेतलं आणि पाईप स्वस्त झाला. आजही पट्टी गोल वळवून कडा जोडतात, फक्त जोड विजेने होतो. त्याला ईआरडब्ल्यू पाईप म्हणतात. हातात पाईप घेऊन आतून बोट फिरवा, लांबीभर एक शिवण लागेल. ही शिवण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

२. आपल्या भागात पाईपला काम कुणी दिलं?

सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे आहेत. सांगलीचा भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. दोन्हीकडे कृष्णा, विहिरी, ऊस आणि पूर्वेला दुष्काळी पट्टा. म्हणजे पाणी उचलणं आणि नेणं हा इथला जुना प्रश्न.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. जागा दिली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. कारखान्याचा पहिला माल म्हणजे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन बिघडते अशी तेव्हा शेतकऱ्यांत समजूत होती, त्यामुळे नांगर खपवायला फार कष्ट पडले. पुढे याच वाडीचं नाव पंपांसाठी देशभर झालं.

पंप आला की पाईप आलाच. पंपाशिवाय नुसता पाईप कोण घेणार? कोणत्याही मालाला स्वतःची मागणी नसते, त्याच्या उपयोगाला मागणी असते, हे इथे पक्कं लिहून ठेवा.

दुसरी मोठी मागणी हातपंपाची. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर घेतले गेले. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावाच्या वापराला टिकत नव्हते. जालना आणि सोलापूर इथे बोअरच्या कामात असलेल्या मिशनरी संस्थांनी मजबूत पंप बनवले आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. शाळेजवळ किंवा देवळापुढे दिसणारा लांब दांड्याचा पंप तो हाच. त्याच्या आत पाणी वर आणणारा पाईप सव्वा इंची जीआय असतो.

मग घराघरात नळ आला, शेतात तुषार सिंचनाचे उभे पाईप आले, बोअरच्या मोटारीचे कॉलम पाईप आले. एका पिढीसाठी जीआय पाईप म्हणजे पाण्याचा पाईप.

३. बाजार हातातून गेला आणि दुसरीकडे उभा राहिला

आज नवीन घराचं प्लंबिंग बघा. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी. बोअरमध्ये कॉलम पाईपही यूपीव्हीसीचा. का? जीआयचा कॉलम काढायला कप्पी, साखळी आणि चार माणसं लागायची. प्लास्टिकचा पाईप हलका, आतून गंजत नाही आणि क्षार कमी धरतो. घराच्या नळात जीआयच्या आत वर्षानुवर्षं गंज आणि क्षार साचून अर्धा इंची पाईपमधून पेन्सिलएवढी धार यायची, हे तुम्ही पाहिलं असेल.

मग जीआय संपला का? नाही. तो पाण्यातून बाहेर पडून ढाच्यात गेला. प्लास्टिक ऊन, वारा आणि वजन पेलू शकत नाही, तिथे हाच लागतो:

- पॉलिहाऊस आणि शेडनेट
- गाई-म्हशींचा गोठा, शेळीपालन आणि कुक्कुटपालन शेड
- सोलर पॅनेलचे स्टँड, घराच्या छतावरचे आणि शेतपंपाचे
- कंपाउंड, गेट, रेलिंग, परातीसाठीचे खांब
- अर्थिंग. दीड इंची, किमान अडीच मीटर लांब जीआय पाईप मीठ-कोळशासह जमिनीत पुरायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे
- नळजोडणीचा जमिनीवर उघडा राहणारा उभा भाग, जिथे धक्का लागतो

जुना दुकानदार अजून "प्लंबरला किती गेला" हे मोजत बसला असेल, तर त्याला धंदा बुडाल्यासारखा वाटेल. नव्याने येणाऱ्या तुम्हाला मात्र ही संधी आहे, कारण ढाच्याच्या कामात नुसता पाईप विकला जात नाही. माप घेणं, कापणं, जोडणं आणि उभं करणं हेही विकलं जातं.

एक गैरसमज काढून टाका. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे डोंगर चढणारे भलेमोठे लोखंडी पाईप बघून काही जण विचारतात, "सर, हा पण जीआय का?" नाही. तो साधा पोलादी पाईप, त्याला वेगळं रंग-लेपाचं संरक्षण असतं. तो बाजार मोठ्या ठेकेदारांचा. आपला बाजार अर्धा इंच ते तीन-चार इंचांचा.

४. जस्त नेमकं काय करतं?

काळा पाईप आधी आम्लात धुतात, म्हणजे वरचा गंज आणि पापुद्रा निघतो. मग पाण्याने धुऊन फ्लक्सच्या द्रावणात बुडवतात. नंतर सुमारे ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्ताच्या टाकीत पूर्ण बुडवतात. बाहेर काढताना आतलं जादा जस्त वाफेच्या झोताने काढतात आणि पाईप पाण्यात थंड करतात. याला हॉट डिप म्हणतात. रंग नुसता वर चिकटतो. इथे लोखंड आणि जस्त एकमेकांत मिसळून सांध्याचे थर तयार होतात, म्हणून ते सहज सुटत नाहीत.

हा थर दोन कामं करतो. एक, ओलाव्याला लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. दोन, कुठे ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. थोरला भाऊ आधी मार खातो तसं. पण भाऊ किती वेळ मार खाईल? जितका थर, तितकी वर्षं. याला दुसरं उत्तर नाही.

५. ए, बी, सी: फूट आणि किलोचा हिशोब

पाण्याच्या आणि साध्या कामाच्या पाईपसाठी भारतीय मानक आहे आयएस १२३९. त्यात तीन वर्ग आहेत: हलका, मध्यम, जड. बाजारात ए, बी, सी म्हणतात. ओळख पट्ट्यावरून: ए पिवळा, बी निळा, सी लाल. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, फरक भिंतीच्या जाडीत. म्हणजे लांबून तिन्ही सारखेच दिसतात. गोंधळ इथेच होतो.

एका मीटरचं वजन किलोमध्ये, जस्ताशिवाय, साधारण असं:

- अर्धा इंची: ए ०.९५, बी १.२१, सी १.४४
- पाऊण इंची: ए १.३८, बी १.५६, सी १.८७
- एक इंची: ए १.९८, बी २.४१, सी २.९३
- दीड इंची: ए ३.२३, बी ३.५६, सी ४.३७
- दोन इंची: ए ४.०८, बी ५.०३, सी ६.१९

हे कागदावर लिहून दुकानात चिकटवा. यादीत नसलेल्या मापासाठी सूत्र आहे. मापं मिलिमीटरमध्ये घ्या:

(बाहेरचा व्यास वजा जाडी) × जाडी × ०.०२४६६ = एका मीटरचे किलो

करून बघू. एक इंची बी पाईप. बाहेरचा व्यास ३३.७, जाडी ३.२. वजाबाकी ३०.५. गुणिले ३.२ म्हणजे ९७.६. गुणिले ०.०२४६६ म्हणजे २.४१ किलो. जुळलं.

आता पैशाचं बघा. ६ मीटरचा एक नग धरला तर एक इंची ए आणि बी यांच्यात एका नगामागे २.५८ किलोचा फरक पडतो. १०० नगांचं काम असेल तर २५८ किलो. दर फक्त उदाहरणासाठी ८० रुपये किलो धरू. फरक झाला २०,६४० रुपये.

समजा तुम्ही गिऱ्हाइकाला कोटेशनमध्ये नुसतं "एक इंची जीआय पाईप, इतके फूट" लिहिलंत. दुसऱ्याने तसंच लिहिलं आणि तो वीस हजारांनी स्वस्त आला. त्याच्या मनात ए होता, तुमच्या मनात बी. काम कुणाला गेलं? त्याला. तुम्ही "महागडे" ठरलात आणि गिऱ्हाइकाला आपण काय गमावलं हे कधी कळलंच नाही. म्हणून कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहायच्याच: माप, वर्ग किंवा जाडी, एकूण किलो आणि जस्ताचा प्रकार. एवढं लिहिलं की गिऱ्हाईक दुसऱ्यालाही तेच चार प्रश्न विचारतं. तुमचा कागदच तुमचा सेल्समन होतो.

माल उतरवून घेताना दहा नग एकत्र वजन करा. मानकात वजनाला थोडी कमी-जास्त सवलत असते, त्यामुळे एका नगावरून भांडू नका. दहा नगांची सरासरी बरीच खाली आली तर बोला. जस्तामुळे वजन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास वाढतं, तेही धरा. बिलावर जीएसटी १८ टक्के आहे, कोटेशन करताना तो वेगळा दाखवा.

६. जीआय आणि जीपी: चमकतं ते जास्त टिकतंच असं नाही

हा भाग नीट वाचा. बाजारात दोन प्रकारचे जस्ती पाईप आहेत.

हॉट डिप जीआय: आधी पाईप, मग आतून-बाहेरून जस्तात बुडवलेला. मानकाप्रमाणे थर साधारण ३६० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५० मायक्रॉन.

जीपी, म्हणजे प्री-गॅल्व्हनाईज्ड: आधीच जस्त दिलेल्या पत्र्याच्या पट्टीपासून बनवलेला पाईप. पत्र्याचं मानक आयएस २७७. त्यात १२० ग्रेड म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम. म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम, साधारण ८ मायक्रॉन.

एक इंची ६ मीटर नगावर हॉट डिपमध्ये आतून-बाहेरून मिळून सुमारे ४०० ग्रॅम जस्त असतं. जीपी १२० मध्ये ७० ग्रॅमच्या आसपास. जवळपास सहापट फरक. शिवाय ती शिवण आठवते? जीपीमध्ये जोड करताना शिवणीवरचं जस्त जळतं. बाहेरून त्यावर पुन्हा जस्ताचा फवारा मारतात, आतली रेघ मात्र बहुतेक वेळा उघडीच राहते.

गंमत अशी की नवा असताना जीपीच जास्त गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. हॉट डिप थोडा खडबडीत, कधी राखाडी, टोकाला जस्ताचा थेंब गोठलेला. गिऱ्हाईक चकचकीत निवडतं.

जीपी वाईट आहे का? अजिबात नाही. छताखालचं फर्निचर, दुकानातले रॅक, कोरड्या जागेतलं काम यासाठी तो योग्य आणि परवडणारा. चूक आहे ती जीपी देऊन जीआयचं नाव सांगण्यात. कोरड्या ग्रामीण हवेत जस्त वर्षाला एक मायक्रॉनपेक्षाही कमी झिजतं, दमट हवेत एक ते दोन, आणि आम्ल किंवा क्षार असतील तिथे त्याहून जास्त. वर्षाला एक मायक्रॉन धरला तर ५० मायक्रॉन म्हणजे पन्नास वर्षं आणि ८ मायक्रॉन म्हणजे आठ वर्षं. गिऱ्हाइकाने सात वर्षांचं कर्ज काढलं असेल आणि जागा दमट असेल, तर हप्ते फिटायच्या आत ढाचा लाल होईल. हे त्याला विकण्याआधी सांगायचं असतं.

तपासायचं कसं? कोटिंग गेज नावाचं खिशात मावणारं यंत्र मिळतं, पाईपला टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. पहिल्या दोन-तीन कामांच्या नफ्यातून ते घ्याच. गिऱ्हाइकासमोर टेकवून दाखवलं की विश्वासासाठी वेगळी जाहिरात लागत नाही.

७. आपल्या दोन जिल्ह्यांत कुठे काय चालेल?

महाबळेश्वर-पाचगणी, जावळी, पाटणचा घाट भाग: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पाईप महिनोन् महिने ओला. इथे हॉट डिपच, आणि पाणी साचणार नाही असे जोड. स्ट्रॉबेरीच्या भागात पॉलिहाऊसचं काम घेताना हे आधी बोला.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ: पाऊस कमी, हवा कोरडी. जस्त फार काळ टिकतं. पण इथे आणि साताऱ्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वाऱ्याचा विचार आधी करा. तिथे गंजापेक्षा जास्त धोका पाया उपटण्याचा. जस्त कितीही असू द्या, पातळ भिंतीचा पाईप वाऱ्याने वाकतो.

गोठे, दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडे: वरचा पाईप नवा आणि जमिनीजवळचा वीतभर भाग गंजलेला, असं चित्र हमखास दिसतं. कारण शेण-मूत. त्यातला अमोनिया आणि क्षार जस्त झपाट्याने खातात. उपाय सोपा आहे. खांब जमिनीत थेट गाडू नका. जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच काँक्रीटचा कट्टा करा, वर उतार द्या, त्यावर बेस प्लेट बोल्ट करा आणि खालच्या भागाला डांबरी रंग द्या. खर्च थोडा वाढतो, पण वर्षांचा फरक पडतो.

तासगाव, पलूस, मिरजचा द्राक्षपट्टा: मांडवाचे अँगल आणि तार जस्ती असतात, शेजारी शेडचं कामही मिळतं. इथे शत्रू वेगळा, मोरचूद. द्राक्ष बागायतदार बोर्डो मिश्रण बनवताना त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून बघतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असं समजतात. जस्त लोखंडापेक्षाही लवकर मोरचुदाला बळी पडतं. म्हणून बोर्डो जस्ती बादलीत करायचं नसतं, प्लास्टिकच्या पिंपात करतात. शेडमध्ये मोरचुदाची पोती जस्ती खांबाला टेकवून ठेवू नका, हेही शेतकऱ्याला सांगा.

आणि हेच रसायन प्रयोगशाळेत जस्त तपासायला वापरतात. आयएस २६३३ या मानकाप्रमाणे पाईपचा तुकडा मोरचुदाच्या ठरावीक द्रावणात एक-एक मिनिट बुडवून धुतात. जस्त संपून लोखंड उघडं पडलं की त्यावर घट्ट, तांबूस चमक बसते. किती बुडव्यांनी ती आली त्यावरून थर सगळीकडे सारखा आहे का ते कळतं. बागायतदाराला विळ्याची आठवण देऊन ही चाचणी सांगा, एका मिनिटात समजेल.

८. वर्कशॉपमध्ये तीन गोष्टी कधीही विसरायच्या नाहीत

पहिली, वेल्डिंगचा पांढरा धूर. जस्ती पाईप वेल्ड केला की जस्त जळून पांढरा धूर होतो. बंद शेडमध्ये तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून पोरं मनावर घेत नाहीत. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हे टळत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, उघड्यावर किंवा पंखा लावून काम करा आणि धुराचा योग्य मास्क द्या. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट डॉक्टर. कामगार तुमच्या भरवशावर येतो, हे खर्चाच्या यादीत पहिलं लिहा.

दुसरी, जळलेला जोड. वेल्ड केलेल्या जागी जस्त उरत नाही. घासून, साफ करून त्यावर झिंक-रिच प्राइमरचे दोन हात द्या. नुसता चंदेरी रंग मारून झाकू नका. तो दिसायला जस्तासारखा, कामाला नाही. जमेल तिथे क्लँप आणि बोल्टची जोडणी करा. दुरुस्तीही सोपी होते.

तिसरी, भोकं. काही कामांत काळ्या पाईपचा सांगाडा वेल्ड करून मग बाहेरून गॅल्व्हनाईज करून आणतात. चांगली पद्धत आहे, जोडही झाकले जातात. पण दोन्ही टोकं बंद असलेला पाईप ४५० अंशांच्या जस्तात गेला तर आतली हवा आणि ओलावा फुगून स्फोट होतो. हवा जायला आणि जस्त निथळायला भोकं ठेवावीच लागतात. कुठे आणि केवढी, हे गॅल्व्हनायझिंगवाल्याला ड्रॉइंग दाखवून आधी विचारा. तिथे टाकीजवळ कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप उभा असतो.

९. सुरुवात कुठून कराल?

भांडवल कमी असेल तर पाईपचा मोठा साठा करू नका. पोलादाचा दर हलतो आणि साठ्यात पैसा अडकतो. एक उपयोग निवडा. फक्त गोठे, किंवा फक्त सोलर स्टँड, किंवा फक्त शेडनेट. त्या एका कामाची तीन ठरलेली मापं तयार ठेवा, प्रत्येकाची किलोसकट यादी करा. म्हणजे फोनवरच अंदाज देता येतो आणि तुकडे वाया जात नाहीत.

गुंतवणूक म्हणाल तर कटिंग मशीन, वेल्डिंग मशीन, ड्रिल, आटे पाडायचा डाय-सेट, वजनकाटा, व्हर्निअर आणि कोटिंग गेज. यातले शेवटचे तीन बहुतेक जण घेत नाहीत. तुम्ही घ्या, वेगळे दिसाल. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आधी करा. पीएमईजीपी किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनेसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण अनुदान मिळेल म्हणून धंदा निवडू नका. धंदा निवडा, मग अनुदान बघा.

गृहपाठ

१. तुमच्या गावातले तीन जुने गोठे किंवा शेड बघा. पाईप कुठे गंजलाय, जमिनीजवळ, जोडावर की शिवणीवर? फोटो काढा. मालकाला विचारा, किती वर्षं झाली.

२. जवळच्या दोन दुकानांत एक इंची पाईप मागा आणि चारच प्रश्न विचारा: कोणता वर्ग? जाडी किती? नगाचं वजन किती? हॉट डिप की जीपी? किती जणांना उत्तर येतं ते मोजा. ज्यांना येत नाही, ते तुमचे उद्याचे स्पर्धक.

३. दहा गुणिले वीस फुटांच्या छोट्या शेळी शेडचं कोटेशन दोनदा बनवा. एकदा ए, एकदा बी. दोन्हींत किलो लिहा.

४. तिसऱ्या प्रश्नातलं कोटेशन घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा, ज्यांना पाईपमधलं काही कळत नाही अशा. त्यांना फरक समजला, तर तुमचं कोटेशन तयार आहे.

कोटेशनचा फोटो पाठवायचा असेल तर गिऱ्हाइकाचं नाव झाकून पाठवा. पुढच्या धड्यात त्यातली काही कोटेशनं घेऊन मजुरी, वाहतूक आणि तुकड्यांची नासाडी कशी धरायची, ते आकड्यांसकट बघू. तोवर वजनकाट्याशी मैत्री करा.